अठरा गेज, बावीस गेज

सातपूर, नाशिक
१२ जुलै २००४

झिपरूला रामराम. घ्यायचा असेल तर.

दहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून ते चुलीत घालण्याआधी एवढं वाच. तुझ्या आशाचं नाव सातपूरच्या आयटीआयच्या यादीत लागलं आहे. ट्रेड शीट मेटल, म्हणजे आपलं पत्र्याचंच काम. पाच ऑगस्टच्या आत बापाने येऊन कागदावर सही करायची, नाहीतर जागा खालच्या नंबराला जाते.

मला कसं कळलं ते सांगतो. दोन वर्षांमागे मी कारखाना सोडला, म्हणजे वयाने सोडवला. घरी बसून अंबूबाईच्या पायात पायात येण्यापेक्षा आयटीआयच्या फाटकाशी नाथाची झेरॉक्सची टपरी आहे, तिच्या बाकावर बसतो आणि खेड्यापाड्यातून आलेल्यांचे फॉर्म भरून देतो. सातवी नापास माणसाकडून दहावी पास पोरं फॉर्म भरून घेतात. अक्षर तेवढं बरं आहे माझं.

जूनच्या शेवटी एक बाई आणि तिची मुलगी आल्या. मी नेहमीसारखं विचारत गेलो.

"वडलांचं पूर्ण नाव?"

"झिपरू मंगळू भोये."

पेन तिथंच थांबलं. बाई म्हणाली, "काय बाबा, शाई सपली का?"

"नाही. धंदा काय लिहू?"

"मजुरी," मुलगी म्हणाली.

"पहिलं हितंच पत्र्याच्या कारखान्यात हुतं," बाईने सांगितलं. "तीन महिनं."

मी खाली मान घालून 'मजुरी' लिहिलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पोरी, शीट मेटलच का गं? मुली शिवण घेतात, कॉम्प्युटर घेतात."

ती म्हणाली, "बाबा घरी रॉकेलच्या डब्याचं भांडं करतात. डाख लावत नाहीत, नुसती कडेला कड घडी घालतात, तरी थेंब गळत नाही. मला तसं यायला पाहिजे. ते शिकवत नाहीत. म्हणतात, मला येत नाय."

मी कोण ते त्यांना सांगितलं नाही. पहिली पसंती म्हणून शीट मेटल लिहिलं, तुझा पत्ता माझ्या वहीत उतरवून घेतला आणि यादीची वाट बघत बसलो. काल यादी लागली. मुलगी मागास भागातली, मार्क चांगले, तिसरा नंबर आहे तिचा.

तेव्हा झिपरू, सहीला ये. मागचं काय ते मागं गेलं. कारखाना म्हटला की चुका व्हायच्याच, तू त्या कोठ्यांचं जरा जास्तच मनावर घेतलंस. ते पोरीच्या वाटेत आणू नकोस. अंबूबाई तुझी आठवण काढते. तुझ्यासाठी डब्यात एक भाकरी वाढीव असायची, ती दहा वर्षं झाली तरी तिच्या हाताची सवय गेलेली नाही म्हणते.

तुझा
मोतीदादा


२१ जुलै २००४

झिपरू,

तुझं उत्तर वत्सलाबाईच्या तोंडून मिळालं. फॉर्म भरणारा बाबा म्हणजे मीच, हे आता तिला ठाऊक आहे. तरी तिने तोंड फिरवलं नाही. बाकावर बसली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यांनी सांगितलंय तसंच सांगते. लोखंडात आमच्या घराचं डोकं चालत नाय, ते मोतीदादालाच ठाव हाय. पोरीला पाठवून पुन्हा हसं करून घ्यायचं नाय. नाव काढून टाकायचा अर्ज लिहून द्या."

मी म्हणालो, "बाई, बाकी कसलाही अर्ज सांगा. एवढा एक मला लिहिता येत नाही."

"मग मी काय करू?"

"त्याचे हात मी पाहिले आहेत. त्या हातांची पोरगी..."

"हाताचं नका सांगू बाबा," ती म्हणाली. "गेल्या साली घराला दार बसवलं. फळी ह्यांनीच तासली. पर माप बरोबर हाय का बघाया शेजारच्या वाळूला बोलावलं. वाळूला धड आकडे येत नाय. त्याने मान हलवली तवा कुठं करवत लावली. हातावर भरवसाच नाय त्यांचा. घरात चालतंय कसं ते माझं मला ठाव."

ती गेली. मी दुपारपर्यंत एकही फॉर्म भरला नाही. नाथा म्हणाला, "काका, बाक तापवायला येता का?"

घरी येऊन तुला लिहायला बसलो तर भलतंच लिहीत गेलो. पण ते तुझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून ठेवतो. तू एकदा विचारलं होतंस, जाड पत्र्याचा नंबर लहान आणि पातळ पत्र्याचा मोठा, असं उलटं का? अठरा गेजचा पत्रा जाड, बावीस गेजचा पातळ. विस्तवाला हात लावला की भाजतो तसं आम्ही ते पाठ केलेलं. का, ते सातपूरच्या एकाही शेडमध्ये कोणी विचारलं नसेल.

आता रिकामा वेळ आहे म्हणून मी गावात वाचनालयात जातो. तिथं उशीएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी आहे. आमचे शेजारी वाल्मीक सर, शाळेतून रिटायर झालेले, त्यांना बरोबर घेतलं. आधी मी त्यांना 'थिक' काढायला लावलं, कारण जाडी म्हणजे तोच शब्द. तो सापडला आणि मी चाट पडलो. आपल्याकडे दूध घट्ट, रान दाट, घोंगडी जाड. इंग्रज या तिन्हींना 'थिक' म्हणतो. आणि सर म्हणाले, दाट हा त्याचा अर्थ फार जुन्या काळापासूनचा आहे, झाडाला झाड लागून असतं तसा. आपण बरे, एकेका जाडीला एकेक शब्द ठेवून आहोत.

मग 'गेज' काढला. तो शब्द मूळचा इंग्रजांचा नाही, फ्रान्सकडून आलेला. त्याचा पहिला अर्थ मापाची काठी. दारूच्या पिंपात काठी बुडवून किती भरलंय ते बघणारे सरकारी लोक असत, त्यांचं नावच त्यावरून पडलेलं. नंबराचं कोडं मात्र पत्र्याने घातलेलं नाही, तारेने घातलंय. पूर्वी तार ओढणारे कारागीर एक पोलादी पट्टी घेत. तिला ओळीने भोकं, प्रत्येक पुढचं मागच्यापेक्षा बारीक. जाड सळई पहिल्या भोकातून ओढायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जितक्या भोकांतून ओढली तितका तिचा नंबर. अठरा वेळा ओढलेली तार अठरा, बावीस वेळा ओढलेली बावीस. जास्त ओढली म्हणून जास्त बारीक. तारेचे नंबर पुढे पत्र्याला चिकटले, असं सरांनी सांगितलं. म्हणजे नंबर जाडीचा नाहीच झिपरू, ओढाताणीचा आहे.

वाल्मीक सर म्हणाले, "मोतीराम, तीस वर्षं पत्रा कापलास आणि हे आज कळलं?" मी म्हणालो, "एकाने दहा वर्षांपूर्वी विचारलं होतं."

त्या वेळी तुला उत्तर मिळालं नाही. आमच्यातल्या कोणीतरी थट्टेत सांगितलं की बावीसच जाड. नव्या माणसाची थट्टा होतेच. मला तर पहिल्या दिवशी आपल्या शेडमधल्या चिमाजीने डबा देऊन शेजारच्या शेडमधून वेल्डिंगचा उजेड भरून आणायला पाठवलं होतं, आणि मी डबा घेऊन गेलोही होतो. थट्टा तिथंच राहायला हवी होती, ती पुढे गेली, एवढंच.

अंबूबाईने हे वाचलं. मला चष्मा परत देत म्हणाली, "पत्र लिहिताय का तांदूळ निवडताय? खडा आला की बोट वळवताय."

सहीला ये.

मोतीदादा


२८ जुलै २००४

झिपरू,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. दोनच ओळी. "बावीस जाड आसं कोन बोललं होतं. नाव लिव."

मोतीराम सखाराम विधाते.

लिहिलं. आता पुढचं वाच, पण आशाकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे.

चौऱ्याण्णवचा मे महिना. तुला कामाला लागून तीन आठवडे झालेले. जेवणं उरकून आम्ही शेडच्या दाराशी बसलो होतो, चिमाजी आणि तिघं-चौघं. तू दोन पत्र्यांचे तुकडे घेऊन आलास. एकावर खडूने अठरा, एकावर बावीस. उभ्या उभ्याच तू अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ते सरकवत होतास, बांबूची कांब तपासतात तसे. म्हणालास, "दादा, हाताला हा अठरावाला जाड लागतो. नंबर ल्हान आन पत्रा जाड. आसं उलटं का?"

झिपरू, मला ठाऊक नव्हतं. थट्टा नंतरची, आधी हे. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून येणार. पण चिमाजी माझ्याकडे बघत होता. कारखान्यात मी पेपर वाचणारा, इंग्रजी लेबलं वाचणारा, मोतीराम म्हणजे पंडित. माळ्याच्या पोराने फुलांच्या गजऱ्यातून उठून मोठ्या मेहनतीने हे नाव कमावलेलं. 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणालो असतो तर काय झालं असतं? काही नाही. तेवढं जमलं नाही.

मी म्हणालो, "उलटं कुठंय? उलटा तुझा हात आहे. बावीस जाड, अठरा पातळ."

तू पुन्हा चिमटीत घेतलंस. "पन हाताला..."

"नव्या पत्र्याला तेल असतं, त्याने भास होतो. हात फसवतो, आकडा फसवत नाही. इथं राहायचं असेल तर आकड्यावर चाल."

चिमाजीला हसू आवरेना. तो पाठ वळवून विडी पेटवायला गेला. तू मान हलवलीस आणि दोन्ही तुकडे जिथल्या तिथं ठेवून आलास. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, उद्या. मग मीच विसरलो. तू मात्र विसरला नाहीस, कारण तुला ते मी शिकवलं होतं.

पुढे आश्रमशाळेच्या बारा कोठ्या आल्या. धान्याच्या. तुझ्याच भागातली शाळा. तू तिथं चौथीपर्यंत शिकलेला. ते कळल्यावर तू दोन दिवस गाणं गुणगुणत होतास. आम्हा सगळ्यांना पिंपळगावला कोल्ड स्टोरेजच्या हवेच्या नळ्या बसवायला जायचं होतं. शेडमध्ये तू आणि दोन रोजंदारीची माणसं. टेम्पोत चढता चढता मी तुला सांगितलं, "कोठीचं बुड जाड पत्र्याचं कर, अंग पातळ पत्र्याचं. सगळा भार बुडावर येतो."

तू टेम्पोच्या कडेला धरून विचारलंस, "जाड म्हंजी बावीसच ना दादा?"

चिमाजीने मला कोपर मारलं. टेम्पो सुरू झाला. मी म्हणालो, "तुला एकदा सांगितलंय ना."

ऑगस्टात बुडं सुटली. वरून भारी अंग, आत पाच पाच क्विंटल धान्य, खाली कागदासारखं बुड. सांधे उघडले, ओल शिरली, नागली आणि तांदूळ कुजले. शाळेचे लोक ओरडत आले. शेठ शेडच्या मध्ये उभा राहिला आणि तुला म्हणाला, "बावीस जाड असतं हे कुठल्या शाळेत शिकलास?"

तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त पाहिलंस. मी हातातली गेजची चकती फिरवत होतो, जिच्या कडेला प्रत्येक नंबराची खाच असते ती. तुझ्या हातात ती कधी कोणी दिली नव्हती. शेठ म्हणाला, "याची बुद्धीच जाड आहे," आणि सगळे हसले.

हसणाऱ्यांत मीही होतो.

तू पिशवी घेऊन गेलास. पाड्यावर तुझ्या आधी कोठ्यांची गोष्ट पोचली असणार.

नाव विचारलं होतंस. आणखी काय विचारायचं असेल तर विचार. पाच तारीख विसरू नकोस.

मोतीराम


१ ऑगस्ट २००४

झिपरू,

तू काही विचारलं नाहीस. तरी लिहितो. अंबूबाई म्हणते, फोड अर्धा पिळला तर पुन्हा भरतो. मागचं पत्र तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पिंपळगावहून परत आलात तेव्हा कोठ्या कुठं होत्या?"

बायको आहे, तिच्यापासून काय लपणार.

आम्ही चौथ्या दिवशी सकाळी परतलो. बाराच्या बारा कोठ्या रंग देऊन वाळलेल्या होत्या आणि ट्रक फाटकात लागलेला. तुझे तळवे सोललेले, कापडं गुंडाळलेली, कारण अठरा गेजची अंगं हाताने गोल करणं म्हणजे बैलाची शिंगं वाकवणं. तरी तू हसत होतास. म्हणालास, "दादा, बघून घ्या. एक पन सांधा वाकडा नाय."

मी एक कोठी आडवी केली आणि बुडावर बोटाच्या पेराने ठोकलं. वीस वर्षांच्या कानाला पत्रा आपला नंबर स्वतः सांगतो. डब्यासारखा वाजला. दुसरी ठोकली. तिसरी. मग चौथीला हात लावला नाही.

शेठ त्याच दिवशी गावाहून आलेला. दहा पावलांवर उभा. मी 'थांबवा' म्हटलं असतं तर ट्रक थांबला असता. बुडं उलगडून नवी बसवायला चार दिवस. पण शेठ विचारणार, का? याला कोणी सांगितलं? आणि त्या दिवाळीला तो मला मिस्त्री करणार होता, तसं बोलून झालं होतं. मी मनाशी म्हणालो, धान्य काय, थोडं थोडं भरतील. टिकेल. आपल्याला सोयीचं असलं की पातळ पत्राही टिकेल असं वाटतं.

मी तुला म्हणालो, "छान झाल्यात."

ट्रक गेला. तू त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेलास, आपल्या गावाकडे निघाला म्हणून.

तेव्हा हे धरून चाल. मे महिन्यातली थट्टा मी अडाणीपणाने केली, टेम्पोतली चेष्टा चिमाजीपुढे शेखी मिरवायला केली. पण ट्रक मी समजून उमजून जाऊ दिला. शेठसमोर तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुला पहिल्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या. ही तिसरी कोणालाच नव्हती. दिवाळीला मी मिस्त्री झालो. आठ वर्षं मला सगळे मिस्त्री म्हणाले. प्रत्येक वेळी मी 'हां' म्हणालो.

माफी मागत नाही. ती मागितली की समोरच्याला द्यावी लागते, आणि तुझ्याकडून मी आधीच बरंच घेतलं आहे. एवढंच सांगायचं होतं, की तुझा हात बरोबर होता. पहिल्या दिवसापासून. आकडा मी चुकवला. दार बसवताना वाळूला बोलावू नकोस.

परवा नाही, तेरवा नाही, त्याच्या नंतरच्या दिवशी पाच तारीख आहे. संध्याकाळी पाचला खिडकी बंद होते.

मोतीराम


८ ऑगस्ट २००४

झिपरू,

आपली भेट झाल्यावर पत्र कशाला, असं तू म्हणशील. शेवटाला कारण लिहिलं आहे. आधी झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझं मन नंतर त्याला रंगरंगोटी करणार नाही.

पाच तारखेला मी सकाळी आठपासून बाकावर होतो. तीन वाजले, साडेतीन वाजले. नाथा म्हणाला, "काका, सुरगाण्याची गाडी तुमच्या बघण्याने लवकर येत नाही." चारला तू फाटकातून आत गेलास. मागे आशा, तिच्यामागे वत्सलाबाई. केस पिकलेत तुझे. माझ्या अंगावरून गेलास, थांबला नाहीस. मीही उठलो नाही.

वीस मिनिटांनी बाहेर आलास. आशाच्या हातात पावती होती. म्हणजे सही आधी केलीस. माझ्या तोंडातून काही निघायची वाट पाहिली नाहीस, पोरीची जागा माझ्या जिभेला बांधली नाहीस. हे मी जन्मभर लक्षात ठेवीन.

मग बाकासमोर येऊन उभा राहिलास. म्हणालास, "पत्रं मी हिला वाचाया दिली नाय. हिच्या आईला बी नाय. तू तोंडाने सांग."

फाटकात पन्नास-साठ पोरं, त्यांचे बाप. नाथाने झेरॉक्सचं मशीन बंद केलं, मेल्याला तेवढं कळतं. मी आशाकडे बघून सांगितलं. चिमटीतले दोन तुकडे, टेम्पो, ट्रक. बोलताना मध्येच मी 'आम्ही' म्हणालो तर तू म्हणालास, "आमी कोन?" मी पुन्हा 'मी' म्हणालो.

वत्सलाबाई रडायला लागली. आशा रडली नाही. तिने तुला विचारलं, "मग बाबा, तुम्ही तेव्हाच ह्यांचं नाव का नाही घेतलं?"

तू म्हणालास, "त्याला तोंड हुतं की."



मग तू हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणालास, "बुड बसवताना पत्रा हलका लागला. मला ठाव हुतं. हाताला ठाव हुतं. पन तू बोलला हुतास." आणि पुढे, "धान कुजलं ते माझ्या शाळेचं. पोरं आठ दिस नुसत्या पेजेवर हुती. लोकं अजून कोठीवाला म्हंतात मला. हिला बी शाळेत कोठीवाल्याची पोर म्हणायची."

हे मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं मी फक्त तुझ्यापुरताच गुन्हेगार आहे असं धरून चाललो होतो.

अंबूबाईने चहा पाठवला होता थर्मासमधून. तू घेतला नाहीस. आशाने घेतला, बशीत न ओतता, कपानेच, आणि मला विचारलं, "गेजची चकती कुठं मिळते?" मी म्हणालो, माझी आहे, ती देतो. ती म्हणाली, "नको, दुकान सांगा." मी दुकान सांगितलं.

निघताना तू शेवटचं बोललास. "पंधरा तारखेला शाळेत झेंडा हाय. समदा पाडा येतो. तिथं येऊन बोल. हितं काय, हितं मला कोन वळखतं." मी हो म्हणालो. तू मान हलवलीस आणि गाडीला गेलास.

आता हे पत्र कशाला ते ऐक. मी हो म्हणालो त्याला तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मला माझा गुडघा दुखतो हे आठवलं. दुसऱ्या दिवशी नाशिकला त्या आठवड्यात पाऊस लागतो आणि घाटात दरड पडते हे आठवलं. आज सकाळी मी अंबूबाईला म्हणालो, "सरपंचांना एक पत्रच लिहिलं तर? सगळ्यांसमोर वाचून दाखवतील. अक्षर बरं आहे माझं." ती भाजी चिरत होती. म्हणाली, "पुन्हा ट्रक जाऊ द्या." एवढंच.

म्हणून हे पोस्टात टाकतो, म्हणजे मला मागे फिरायला वाट राहणार नाही. चौदा तारखेला दुपारी दीडच्या सुरगाणा गाडीत बसतो. अंबूबाई बरोबर येते आहे, ती म्हणते वाटेत उतरून जाल. राहायची सोय शाळेच्या ओट्यावर होईल, तुझ्या घरी येणार नाही, तू बोलावलं नाहीस. स्टँडवर कोणी येऊ नये.

झेंडा झाल्यावर पोरांना गोळ्या वाटायच्या आधी मला दोन मिनिटं दे. भाषण करणार नाही. उभा राहून एवढंच बोलेन: मी मोतीराम सखाराम विधाते, सातपूरचा पत्रेवाला. तुमच्या शाळेच्या बारा कोठ्यांची बुडं माझ्या सांगण्यावरून पातळ झाली, आणि झिपरू भोयेने ती हाताने ओळखली होती.

मोतीराम